नववा वाचक

३ फेब्रुवारी

आयुष्मती खटपटीस थोरल्या काकाचे मनापासून आशीर्वाद.

हे नाव तुला मीच ठेवले. तू पाच वर्षांची असताना माझे भिंतीवरचे घड्याळ उघडून बसली होतीस आणि विचारल्यावर ‘आत कोण चालतं ते बघत होते’ असे म्हणालीस. त्याच जिज्ञासेची आज मला गरज पडली आहे.

माझे भाष्य तुला ठाऊक आहे. एकेचाळीस वर्षे, चौदाशे बारा पाने, सारी हातची. गेल्या महिन्यात सहाव्या अध्यायाचे बासन सोडले, तेव्हा कसरीने माझ्या कोणत्याही वाचकाच्या आधी त्यातील दोन पानांचे सार ग्रहण केलेले आढळले. घाबरून मी पानांची छायाचित्रे काढवून घेतली. ती आता अंगठ्याएवढ्या एका डबीत आहेत. आयुष्य अंगठ्याएवढ्या जागेत मावते हे पाहून वैराग्य यायला हवे होते. मला मात्र ती डबी हरवण्याची भीती वाटू लागली.

आमच्या अभ्यासमंडळातील निवृत्त न्यायाधीशांनी सुचवले की हे सारे एखाद्या कंपनीच्या हवाली करावे. ती म्हणे आकाशात कोठेतरी सांभाळून ठेवते. त्या कंपनीच्या अटी मी अथपासून इतिपर्यंत वाचल्या. एकोणिसाव्या कलमात ते म्हणतात की आम्ही कोणतेही कारण न देता केव्हाही दार बंद करू. असा अधिकार मी आजवर फक्त परमेश्वराला दिलेला आहे.

पाने आपल्याच घरातील यंत्रात ठेवावीत आणि मंडळींनी ती आपापल्या घरी बसून वाचावीत, अशी सोय असते असे ऐकतो. ती कशी करावी ते सविस्तर लिही. फोनवर सांगू नकोस. ऐकलेले विरून जाते, लिहिलेले पुन्हा वाचता येते.

तुझ्या वडिलांना यातले काही कळवण्याचे कारण नाही. आम्ही अकरा वर्षे बोललेलो नाही. त्यात खंड पडावा अशी माझी इच्छा नाही.

थोरला काका

१० फेब्रुवारी

थोरल्या काकांना वाकून नमस्कार.

तुमचं पाकीट नेमकं बाबांच्याच हाती पडलं. एका घरात राहतो, इलाज नव्हता. त्यांनी अक्षर ओळखलं, पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत तीन वेळा येऊन माझ्या खोलीतला पंखा नीट चालतो ना, असं विचारून गेले. मी काही सांगितलं नाही. त्यांनीही पंख्यापलीकडे काही विचारलं नाही.

तुम्हाला हवी ती सोय अगदी साधी आहे. तिला फाइल मॅनेजर म्हणतात. कपाट तुमच्या घरात, किल्ल्या तुमच्या कनवटीला, आणि वाचणारा आपल्या घरून ब्राउझरच्या खिडकीतून पान उघडतो. नवीन काही घ्यायला नको. काकूंनी ज्याच्यावर विणलेला रुमाल घालून फुलदाणी ठेवली आहे, तो जुना संगणक भरपूर झाला. सोबतच्या कागदावर आदेशाच्या सात ओळी आहेत. त्या जशाच्या तशा टंकायच्या, एक अक्षर इकडचं तिकडे नको, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबायचं. शेवटची ओळ झाली की तुम्ही त्या कपाटाचे मालक. आधी पासवर्ड बदला, मग प्रत्येक वाचकासाठी एकेक खातं उघडा. प्रत्येक खात्याला चार अधिकार देता येतात: पाहणं, नवीन पान ठेवणं, बदलणं आणि पुसणं. कोणाला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची खटपट

ता.क. काकूंचा रुमाल आणि फुलदाणी मात्र आधी खाली उतरवा. वारा मिळाला नाही तर यंत्र तापून आपोआप बंद पडेल.

२२ फेब्रुवारी

आयुष्मती खटपटीस अनेक आशीर्वाद.

कार्य सिद्धीस गेले. विघ्ने मात्र क्रमाने सांगतो.

पहिल्याच ओळीला यंत्र अडले. मी कोणतेही लेखन परमेश्वराच्या नावाविना आरंभीत नाही, हे तू जाणतेस. त्यानुसार तुझ्या आदेशापूर्वी मी त्याचे नाव टंकले. यंत्राने उत्तर दिले की असा कोणताही आदेश अस्तित्वात नाही. त्या नावाला हे उत्तर मला आयुष्यात प्रथमच मिळाले. तीन वेळा प्रयत्न करून शेवटी मी नाम मनात घेतले आणि आदेश तेवढा टंकला. तेव्हा ते वळले. नास्तिकांशी व्यवहार करण्याची हीच रीत मी नोकरीतही पाळत असे.

पासवर्ड म्हणून मी मूळ ग्रंथातील एक संपूर्ण श्लोक योजला आहे. तुझ्या काकूचे म्हणणे असे की चोर दारातच म्हातारा होईल.

अधिकारांची तुझी ती चौकट पाहून मी थक्क झालो. आपल्या पूर्वसूरींनी अधिकारभेद सांगितला तो या यंत्राला कोणी शिकवला असेल? मंडळातील सात जणांना आणि काकूला मिळून मी आठ खाती दिली. सर्वांना केवळ पाहण्याचा अधिकार. ठेवण्याचा व बदलण्याचा माझ्याकडे. पुसण्याचा तर मी स्वतःलाही विचार करूनच दिला. रविवारी प्रत्येकाला स्वतंत्र बोलावून त्याचा पासवर्ड कानात सांगितला. नेत्रवैद्यांना तो दोनदा मोठ्याने सांगावा लागल्यामुळे आता सर्वांना ठाऊक आहे.

एक अडचण उरली. यंत्र दर अर्ध्या तासाने समाधी लावत असे. गेल्या मंगळवारी काकूने त्यावरचा रुमाल धुवायला काढला, तेव्हापासून समाधी लागली नाही. संबंध कळला नाही.

आता एक कानउघाडणी. तुझ्या पत्रात सहीखाली ‘ता.क.’ दिसला. सही हा पत्राचा उपसंहार आहे. उपसंहारानंतर ज्याला बोलावे लागते, त्याने मुळात विचार न करता लेखणी उचलली असे मी मानतो. सहीखालचा मजकूर मी वाचत नाही. आयुष्यात कधी वाचला नाही. जे सांगायचे ते सहीच्या वर सांगत जा.

थोरला काका

१ मार्च

थोरल्या काकांना वाकून नमस्कार.

समाधीचं कारण मी सांगितलं होतं. असो.

तुमच्या परवानगीने काल इथून तुमच्या यंत्रात डोकावले आणि दोन-तीन खिळे घट्ट केले. मंडळींना आता घरून पानं उघडता येतील. तिसऱ्या अध्यायाची पेटी मात्र रिकामी दिसते. त्याची छायाचित्रं चढवायची राहिली का?

आणखी एक गंमत आहे, ती तुम्हाला आवडेल. डाव्या बाजूला ‘नोंदी’ म्हणून एक दार आहे. कोणत्या खात्यातून कोण आलं, किती वाजता आलं, कोणतं पान उघडलं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. मात्र रोज बघत बसू नका. तुम्हीच मला लहानपणी शिकवलं होतं की पेरणाऱ्याने रोज माती उकरून कोंब बघू नये.

तुमची खटपट

ता.क. सवय जात नाही, माफ करा, पण एवढं वाचाच. नोंदींमध्ये एक नववं खातं दिसेल. ते माणसाचं नाही. यंत्र बिघडलं तर पानं जाऊ नयेत म्हणून ते मी केलंय. रोज दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी ते सगळी पानं उघडून त्यांची नक्कल इथल्या आमच्या डबीत उतरवून घेतं. तुम्ही रात्री यंत्राला विश्रांती देता, म्हणून दुपारची वेळ धरली.

६ एप्रिल

आयुष्मती खटपटीस उदंड आशीर्वाद.

तिसरा अध्याय छायाचित्रे काढायच्या आधीच बांधणीला गेला आहे. आला की चढवीन. त्या रिकाम्या पेटीने मला जे ज्ञान दिले, ते भरलेल्या पेट्यांनी दिले नाही.

तू सांगितलेस त्याप्रमाणे मी नोंदी रोज पाहत नाही. सकाळी व सायंकाळी पाहतो. आसक्तीवर मी व्याख्याने दिली आहेत, ती आता कोणी ऐकवू नयेत.

गेल्या रविवारी न्यायाधीश मंडळात उभे राहिले आणि म्हणाले की तिसरा अध्याय वाचताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सर्वांनी माना डोलावल्या. नेत्रवैद्य म्हणाले की आपलेही तसेच झाले. जे पान अस्तित्वात नाही त्यावर रडणारे असे अधिकारी पुरुष माझ्या मंडळात आहेत. घरी येऊन नोंदी उघडल्या. न्यायाधीश पाच आठवड्यांत एकदा आले, दोन मिनिटे थांबले आणि प्रस्तावनेतील आभाराचे पान तेवढे पाहून गेले. त्या पानावर त्यांचे नाव आहे. नेत्रवैद्य आलेच नाहीत. छापखानेवाले चार वेळा दारापर्यंत आले आणि पासवर्ड चुकून परतले. विमावाल्यांनी सदस्यांच्या पत्त्यांची यादी तेवढी उतरवून नेली. तुझ्या काकूचे खाते कोरे आहे. विचारले तर म्हणाली, ‘चाळीस वर्षं तोंडी ऐकतेय, आता डोळ्यांनाही कशाला?’

त्या सायंकाळी मी यंत्र कायमचे बंद करणार होतो. तेवढ्यात एका ओळीवर दृष्टी गेली. मी आठ खाती दिली. यादीत नववे आहे. त्याला नाव नाही, नुसता आकडा. आणि, बाळे, हा नववा रोज येतो. एकही दिवस चुकलेला नाही. रोज दुपारी ठीक बारा वाजून पाच मिनिटांनी तो येतो आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारे भाष्य वाचून जातो. त्याला सात मिनिटे लागतात. क्षणभर मला शंका आली. पण काहींची ग्रहणशक्ती तीव्र असते, आणि माझी शैलीही प्रवाही आहे.

तो कोण, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. माझ्या यंत्रात तुझ्याखेरीज कोणाला खाते उघडता येत नाही, आणि तुझ्या घरात दुपारी बारा वाजता पुस्तक घेऊन बसणारा एकच माणूस आहे. लहानपणी तो असाच वाचत असे. मी एक पान उलटावे तोवर त्याची तीन झालेली. अकरा वर्षांपूर्वी भर मंडळात उठून, चौथ्या अध्यायातील श्लोकाचा माझा अर्थ चुकला, असे तो म्हणाला होता. पाठोपाठ चार पानांचे पत्र धाडून तेच पुन्हा सिद्ध करू पाहिले. तोच आज मानापमान गिळून, नाव लपवून, रोज माझ्या दाराशी येतो. मी कालच त्याला पत्र लिहिले. तू रोज येतोस हे मला कळले आहे, लपण्याचे कारण नाही, मी तुला क्षमा केली आहे, असे त्यात आहे.

त्या पाकिटावर मी तिकिटे दोनदा चिकटवली. वयामुळे असेल.

थोरला काका

१४ एप्रिल

थोरल्या काकांना वाकून नमस्कार.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. या वेळी सगळं सहीच्या वर लिहिते आहे.

नववा वाचक माणूस नाही. ते मी केलेलं नक्कल उतरवणारं यंत्र आहे. ते पानं उघडतं, पण एक अक्षर वाचत नाही. वाचता येत असतं तर सात मिनिटांत चौदाशे पानं झाली नसती. मी हे मार्चच्या पत्रात लिहिलं होतं, पण सहीखाली लिहिलं. चूक माझी. तुम्ही तिथे जाणार नाही हे माहीत असून सवयीने तिथेच लिहिलं.

आता तुमच्या पत्राचं ऐका. बाबांनी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग मला हाक मारली. ‘मी दादाचं भाष्य रोज चोरून वाचतो, असं तू त्याला सांगितलंस?’ मी नाही म्हटलं आणि नवव्या खात्याचं सगळं सांगितलं. त्यांना आधी हसू आलं. मग जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते:

‘जे मी वाचलं नाही ते वाचलं म्हणून दादा मला क्षमा करतोय. आणि जे मी लिहिलं होतं ते त्याने अकरा वर्षांत वाचलं नाही. त्या पत्राला खाली ता.क. होता, खटपटे. सगळं पत्र मी त्या ता.क.साठी लिहिलं होतं. वरची चार पानं नुसता धीर गोळा करत होतो.’

काय लिहिलं होतं, ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. ‘त्याच्याकडे आहे. तो कागद टाकत नाही,’ एवढंच म्हणाले.

अजून एक. ती नकलेची डबी बाबांच्याच वाचायच्या टेबलावर आहे, कारण तिची वायर तिथवरच पोचते. ते तिच्यावर चष्म्याचं घर ठेवतात. म्हणजे तुमचं सगळं भाष्य दीड महिना त्यांच्या चष्म्याखाली पडून होतं, आणि दोघांनाही पत्ता नव्हता. मी ते त्यांना दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा उचलून बाजूला ठेवला आणि डबी रुमालाने पुसली.

रागावला असाल तर मला लिहा, त्यांना नको.

तुमची खटपट

२२ एप्रिल

आयुष्मती खटपटीस आशीर्वाद.

तुझे पत्र सोमवारी आले. त्या दिवशी मी काही केले नाही. मंगळवारी तुझी जुनी दोन पत्रे काढून सहीखालचा मजकूर वाचला. समाधीचा आणि रुमालाचा संबंध कळला. काकू बराच वेळ हसत होती.

बुधवारी पत्रांची पेटी उघडली. अकरा वर्षांपूर्वीचे ते पत्र चौथ्या अध्यायाच्या बासनातच होते. चार पानांच्या समासात मी त्या वेळी लाल शाईने खंडन लिहून ठेवले आहे. शेवटच्या पानावर सही. सहीखाली माझ्या लेखणीची एकही खूण नाही.

तुझ्या वडिलांनी सांगितले नाही, म्हणून मी सांगतो. तिथे असे आहे: ‘ता.क. वर भांडलो ते श्लोकासाठी, तुझ्याशी नव्हे. मंडळींसमोर बोललो ही माझी चूक. घरात बोलायला हवं होतं. पुढचे अध्याय लिहून होतील तसे मला पाठव. बाकीचे मान डोलावतील, दादा. मी वाचेन.’

वाचक मिळावा म्हणून मी संगणक मांडला, खाती उघडली, कानात पासवर्ड सांगितले, आणि सकाळ-संध्याकाळ नोंदी चाळल्या. वाचक अकरा वर्षे माझ्याच पेटीत दुमडून पडला होता.

एक खाते उघड. याला आकडा नको, तुझ्या वडिलांचे नाव दे. आज त्याला वेगळे पत्र टाकले आहे. ते दोन ओळींचे आहे आणि त्यात क्षमा हा शब्द मी केवळ मागण्यासाठी वापरला आहे.

थोरला काका

५ मे

थोरल्या काकांना वाकून नमस्कार.

खातं उघडलं. त्याला आता आठवडा झाला. बाबा अजून पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पानावर आहेत. मी म्हटलं, इतका उशीर? तर म्हणाले, ‘नववा करतोय ना सात मिनिटांत, त्याला विचार.’ शेजारी वही आहे, पेन्सिल आहे, आणि मधूनच ‘हे दादाने कुठून आणलं?’ असं भिंतीला विचारतात. जेवायला तीन हाका माराव्या लागतात.

ते विचारत होते की चुका सापडल्या तर कुठे लिहायच्या. तुम्ही त्यांना फक्त पाहण्याचा अधिकार दिलाय.

तुमची खटपट

१७ जून

आयुष्मती खटपटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांना ठेवण्याचा व बदलण्याचा अधिकार दिला आणि तिसऱ्या दिवशी कपाटात एक नवी फाइल दिसली. तिचे नाव ‘दादाच्या चुका’. काल संध्याकाळपर्यंत त्याची एकोणीस पाने वाचून झाली होती आणि त्रेसष्ट चुका निघाल्या होत्या. माझ्या नोंदींप्रमाणे बाराव्या पानावर तो चार दिवस होता. त्या पानात काय आहे म्हणून मी ते स्वतः उघडून वाचले. अकरावी ओळ मला स्वतःलाच कळली नाही.

त्रेसष्टपैकी एकावन्न मी मान्य केल्या. सातांवर विचार चालू आहे. उरलेल्या पाचांत तो सपशेल चुकला आहे, आणि तसे मी त्याच्या फाइलीखाली लिहून ठेवले आहे. त्याखाली त्याने काय लिहिले ते तुला सांगण्यासारखे नाही. चौथ्या अध्यायापर्यंत पोचायला त्याला दोन वर्षे लागतील असा हिशेब करून मी प्रकृतीची काळजी घेऊ लागलो आहे.

रविवारी न्यायाधीशांनी पुन्हा तिसऱ्या अध्यायाचे कौतुक केले. मी त्यांना सांगितले की तो अध्याय आता चढवला आहे, वाचून पाहावा. त्यांनी चहा मागवला. छापखानेवाल्यांनी मात्र हळूच विचारले की त्रेसष्ट चुकांची ती फाइल मंडळींना पाहायला मिळेल का. ती सर्वांना खुली केली. माझ्या भाष्याला जे जमले नाही ते तिने साधले: काल एका दिवसात सहा जणांनी ती उघडली, नेत्रवैद्यांसह.

नवव्याला काढू नकोस. तो निष्काम आहे. त्याला अर्थाची अपेक्षा नाही, स्तुतीची नाही, रोज वेळेवर येतो. मंडळात असा दुसरा सदस्य नाही.

आज सकाळी विचारपूर्वक मी तुझ्या वडिलांच्या खात्यातील चौथा चौकोनही भरला. त्याला आता पुसण्याचाही अधिकार आहे. काकूने विचारले, सगळंच पुसलं तर? मी म्हणालो, त्यासाठी त्याला आधी सगळे वाचावे लागेल.

थोरला काका

ता.क. त्याला सांग की माझ्या अभ्यासिकेशेजारची खोली झाडून घेतली आहे, खिडकीशी टेबल ठेवले आहे, आणि चष्म्याला जागा आहे. हे सहीच्या वर लिहिणे जमले नाही.